रांगोळीच्या ठिपक्यांवर समभुज त्रिकोण का बसत नाही?

मागच्या अंकात या सदरात मी बोलता बोलता लिहून गेलो होतो, की चौकटीच्या कागदावर पट्टी लागत नाही, मोजता आलं की भागतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरं काही घेणं शक्य नाही. आधीच सांगतो, मी गणिताचा मास्तर नव्हे. जमिनीचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि ड्राफ्ट्समन म्हणूनच निवृत्त झालो. बोटाला शाई आणि समोर ग्राफ पेपर, यातून जे कळलं तेवढंच माझ्याकडे आहे. तेव्हा पत्रात मला 'सर' म्हणू नका. इथं गोव्यात, म्हार्दोळात सगळे काका म्हणतात, तेच बरं.

प्रश्न : दिवाळीत आम्ही अंगणात '१५ ठिपके १५ ओळी'ची रांगोळी घातली. मधोमध तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण हवा, असा मुलीचा हट्ट. ठिपक्याला ठिपका जोडून तो काही केल्या जमेना. आमचं काय चुकतंय? (एक ताई, डिचोली)

ताई, मुलीला सांगा की तो त्रिकोण नाहीच आहे. पंधरा ओळी सोडा, सगळं डिचोली शहर ठिपक्यांनी भरलंत तरी मिळायचा नाही.

मीही यात तोंडघशी पडलो आहे. आमच्या घरी रांगोळी सौभाग्यवतींच्या हाताची, माझं काम डबा धरून उभं राहायचं. एका चवथीला मी शहाणपणा करून म्हटलं, त्रिकोण मी काढतो. खाली आठ घरांचा पाया घेतला, पायाच्या मध्यावरून सात ओळी वर गेलो आणि तिथला ठिपका दोन्ही टोकांना जोडला. डोळ्याला अगदी समभुज. डिव्हायडर लावला, तरी समभुज. मग पिथागोरसला बोलावलं. पाया ८. तिरकी बाजू म्हणजे ४चा वर्ग अधिक ७चा वर्ग, म्हणजे ६५, त्याचं वर्गमूळ : ८.०६ आणि वर थोडं. ठिपक्यांत एक इंच अंतर धरलं तर फरक दीड मिलिमीटरच्या आसपास. रांगोळीची रेघच त्याहून जाड असते! माझा डिव्हायडर त्या रेघेत बुडाला होता. "फाटीं सर" (मागे हो), एवढंच म्हणून हिने बोटाने तो पुसून टाकला आणि तिथं कमळ काढलं.

थोडं जवळ जाता येतं. पाया ३० घरं, उंची २६ ओळी घ्या, तर तिरकी बाजू ३०.०१७ येते. आणखी मोठा घ्या, आणखी जवळ. पण नेमकं कधीच नाही. कारण बघा.

ठिपक्यांवर कोपरे असलेला कुठलाही त्रिकोण घ्या. त्याच्या भोवती त्याला चिकटून एक आडवा-उभा आयत काढा. आयतातून त्रिकोण वगळला की कडेला काटकोन त्रिकोणांचे तुकडे उरतात, कधीमधी एखादा छोटा आयतही उरतो. आयताचं क्षेत्रफळ पूर्ण संख्या. काटकोन त्रिकोण म्हणजे अर्धा आयत, त्याचं क्षेत्रफळ पूर्ण किंवा साडे-काहीतरी. वजाबाकीनंतर जे राहील तेही पूर्ण किंवा साडे-काहीतरी. माझ्या त्या ८ आणि ७ च्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ बरोब्बर २८ होतं. आता समभुज त्रिकोणाचं सूत्र आठवा : बाजूचा वर्ग गुणिले √३, भागिले ४. ठिपक्यांवर बाजूचा वर्ग नेहमी पूर्ण संख्याच येतो (६५ आला तसा). म्हणजे असा त्रिकोण खरोखर असता, तर √३ ही दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारात बसली असती. ती बसत नाही, हे दहावीची मुलं परीक्षेत सिद्ध करतात आणि लगेच विसरतात. त्या सिद्धतेचा मला भेटलेला एवढाच उपयोग, पण चांगला आहे.

षटकोनही त्याच पाण्यात गेला. सुषम षटकोनाचे एकाआड एक कोपरे जोडले की समभुज त्रिकोणच तयार होतो. पाच पाकळ्यांच्या सुषम आकृतीची गंमत निराळी आहे. समजा, ठिपक्यांवर असा पंचकोन सापडला. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर, तिथून निघणारी बाजू आतल्या अंगाला काटकोनात फिरवा. चौकटीच्या ठिपक्यांवरची रेघ काटकोनात फिरवली की तिचं टोक पुन्हा ठिपक्यावरच पडतं. पाच टोकं मिळतील, आणि त्यांचा आणखी एक सुषम पंचकोन होईल, पहिल्याहून लहान. त्याच्यावर पुन्हा तेच करा, आणखी लहान. हे कधी थांबत नाही. पण दोन ठिपक्यांतलं अंतर एका घराहून कमी कुठून होणार? म्हणजे पहिलाच पंचकोन खोटा. सात, आठ, नऊ, कितीही बाजू घ्या, हीच तऱ्हा. सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या आकृत्यांपैकी चौकटीच्या ठिपक्यांवर फक्त चौरस उभा राहतो.

मुलीची समजूत काढायची असेल तर ठिपकेच बदला. '१५ ते ८'ची रांगोळी तुम्हाला ठाऊक असेल : मधली ओळ पंधराची, वर-खाली चौदा, तेरा करत आठापर्यंत, आणि प्रत्येक ओळीचे ठिपके अलीकडच्या ओळीच्या फटीसमोर. तिथं समभुज त्रिकोण पावलापावलावर. आणि गंमत अशी, की तिथं चौरस बसत नाही! तिथल्या कुठल्याही आकृतीच्या क्षेत्रफळात √३ घुसलेला असतो, आणि चौरसाचं क्षेत्रफळ मात्र √३विना यायला हवं. एका रांगोळीने जे दिलं ते दुसरीने काढून घेतलं.

याच '१५ ते ८'चे ठिपके मोजा : १६९. हीच संख्या १३ गुणिले १३. म्हणजे तेवढेच ठिपके '१३ ठिपके १३ ओळी' म्हणून चौरसातही मांडता येतात. असं दर वेळी जमत नाही. एकुलता ठिपका सोडला तर हीच पहिली जोडी, आणि पुढची जोडी थेट '२०९ ते १०५'ला येते : ३२,७६१ ठिपके, म्हणजे १८१चा वर्ग. तेवढं अंगण कुणाचं असेल तर मला जरूर बोलवा.

प्रश्न : खाजन शेताचा (नदीकाठच्या बांधाआडच्या शेताचा) तुकडा ग्राफ पेपरवर काढून आम्ही घरं मोजतो. शाळेत शिकवलं होतं तसं, अर्ध्याहून जास्त भरलेलं घर एक धरायचं, कमी असेल तर सोडायचं. हे कितपत खरं? याहून चांगली रीत आहे का? (एक वाचक, चोडण)

आहे, आणि ती कळल्यावर मला माझ्या नोकरीतल्या कैक दुपारींची हळहळ वाटली. घरं मोजू नका, ठिपके मोजा. ठिपका म्हणजे जिथं दोन रेघा एकमेकींना छेदतात ती जागा.

तुकड्याचे कोपरे ठिपक्यांवर असतील तर रीत अशी. हद्दीच्या पूर्ण आत किती ठिपके, ते मोजा. नेमके हद्दीच्या रेघेवर किती (कोपरे धरून), ते मोजा आणि त्याची निमपट करा. दोन्हींची बेरीज करून एक वजा करा. झालं क्षेत्रफळ, घरांमध्ये.

करूनच बघू. कागद घ्या आणि डाव्या खालच्या ठिपक्याला शून्य म्हणा. तिथून निघून उजवीकडे ६ आणि वर १ असलेल्या ठिपक्यावर जा. मग (८, ५), मग (३, ७), मग (१, ४), आणि परत शून्यावर. पाच कोपऱ्यांचं, जरा वाकडं असं शेत झालं. आतले ठिपके ओळीओळीने मोजा. खालून पहिल्या ओळीत ५, पुढच्या चार ओळींत ६-६, वरच्या ओळीत ३. एकूण ३२. हद्दीवर पाच कोपरे, आणि (६, १) ते (८, ५) या रेघेवर मध्येच (७, ३) हा एक ठिपका सापडतो. एकूण ६, निमपट ३. आता ३२ अधिक ३ वजा १ : ३४ घरं. एक घर पाच मीटरचं असेल तर घरामागे २५ चौरस मीटर, म्हणजे शेत ८५० चौरस मीटर. अर्ध्यामुर्ध्या घरांची भानगडच नाही, आणि उत्तर अंदाजे नव्हे, नेमकं.

हद्दीवरचे ठिपके डोळ्यांनी शोधू नका, फसाल. एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना आडवं किती, उभं किती ते बघा आणि त्यांचा मसावि काढा. वरच्या रेघेला आडवं २, उभं ४, मसावि २, म्हणून रेघेचे दोन भाग आणि मध्ये एक ठिपका. आडवं ५ आणि उभं २ असेल तर मसावि १, मध्ये काही नाही, रेघ कितीही ठिपक्याला घासून जाताना दिसली तरी.

हा 'वजा एक' कुठून आला, हे मला फार दिवस कळलं नव्हतं. सूत्र पाठ होतं, पण पाठ असणं म्हणजे काय ते आपण जाणतोच. मग एका पावसाळ्यात, लाईट गेलेली असताना, पेन्सिल घेऊन बसलो आणि शेताचे बारीक त्रिकोण पाडत सुटलो. इतके बारीक, की प्रत्येकाच्या तीन कोपऱ्यांपलीकडे त्याला एकही ठिपका शिवत नाही. असे दोन सारखे त्रिकोण जोडले की समांतरभुज चौकोन होतो, आणि त्याच्या फरशीने सगळी जमीन मढवता येते, दर फरशीला एक ठिपका. म्हणजे फरशी एका घराएवढी आणि त्रिकोण अर्ध्या घराचा. लांबुडका असो की ठेंगणा, अर्धाच. आपल्या ३४ घरांच्या शेताचे तुम्ही कसेही पाडा, ६८च त्रिकोण पडतील.

आता कोन बघा. प्रत्येक त्रिकोणाचे कोन मिळून १८० अंश, म्हणजे अर्धी गिरकी. अर्ध्या घराला अर्धी गिरकी! तेव्हा सगळ्या शेताचं क्षेत्रफळ म्हणजे सगळ्या ठिपक्यांभोवतीच्या गिरक्यांची बेरीज. आतल्या ठिपक्याभोवती पूर्ण गिरकी, तो एक. सरळ रेघेवरच्या ठिपक्याला एकाच अंगाला शेत, तो अर्धा. कोपऱ्यावरचे अर्ध्याहून कमी-जास्त भरतात, पण पंचकोनाच्या कोनांची बेरीज ५४० अंश, म्हणजे दीड गिरकी. पाच कोपऱ्यांना आपण अर्धी-अर्धी धरून अडीच मोजल्या होत्या. एक जास्तीची मोजली, ती परत करायची. कोपरे पाच असोत की पन्नास, जास्तीची एकच निघते. लाईट आली तेव्हा मी अंधारातच बरा होतो असं वाटलं.

ही रीत गेओर्ग पिक या गणितज्ञाने १८९९ मध्ये प्रागमध्ये छापली. १९११ साली आइन्स्टाइनला प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्राध्यापक नेमलं, त्या निवड समितीत हा पिक होता. दोघांची पुढं चांगली मैत्री जमली. पिक ज्यू होता. जुलै १९४२ मध्ये नाझींनी त्याला तेरेझिनश्टाटच्या छळछावणीत पाठवलं आणि दोन आठवड्यांत तो तिथं मेला, वय ८२. त्याचं हे सूत्र हयातीत फारसं कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. ते लोकांपर्यंत पोचलं पोलंडच्या स्टाइनहाउसने आपल्या पुस्तकात घेतल्यावर.

एक इशारा. मी सूत्र नवं शिकलो तेव्हा हौसेने जुने नकाशे काढून ताडून बघत होतो. एका भाटाचं (माडांच्या बागेचं) उत्तर दर वेळी एका घराने कमी यायचं. आठवडाभर ग्राफ पेपरला दोष दिला, मग चष्म्याला. शेवटी लक्षात आलं, त्या भाटाच्या मधोमध तळी होती आणि ती मालकीतून वगळलेली होती. तुकड्याच्या पोटात भोक असलं की भोकाच्या कडेचे कोन उलट्या बाजूने मोजले जातात, आणि तिथं एक गिरकी कमी मोजली जाते. एका भोकाला अधिक एक करायचं, की 'वजा एक' आपोआप फिटतं. दोन भोकं असतील तर उलट एक वाढवायचा.

आता तुमचं खरं खाजन. बांध कधी सरळ असतो? नदीने जसं वळवलं तसा तो वळतो, आणि कोपरे ठिपक्यांवर पडायला तो काही रांगोळीचा नाही. तिथं पिकचं सूत्र नेमकं लागत नाही. पण ठिपके मोजणं तरीही उत्तमच. १० घरं त्रिज्येचं वर्तुळ काढून बघा : आतले आणि रेघेवरचे मिळून ३१७ ठिपके भरतात, आणि खरं क्षेत्रफळ ३१४.१६ घरं. शेकड्याला एकाहून कमी चूक. त्यातून हवं असेल तर घर बारीक करा, किंवा ठिपक्यांचा पारदर्शक कागद तीन-चार वेळा वेगवेगळा ठेवून सरासरी घ्या. मात्र मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) हद्दीवरून भावाभावांत वाद असेल तर माझा कागद पुढं करू नका. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढा आणि रीतसर मोजणी मागवा.

प्रश्न : चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) बांधताना दादाने आणि मी पैज लावली. रिपांच्या चौकटीत आडव्या पाच, उभ्या पाच, म्हणजे पंचवीस सांधे. त्यांवर कोपरे असलेले चौरस किती? मी म्हणते ३०, दादा म्हणतो ५०. कोण बरोबर? (एक विद्यार्थिनी, पेडणे)

दादा. पण तुझे ३० चुकलेले नाहीत, अपुरे आहेत. तू सरळ उभे चौरस मोजलेस : १६ लहान, ९, ४ आणि एक मोठा. दादाने मान वाकडी केली. दोन घरांच्या चौरसात, चारही बाजूंच्या मधल्या सांध्यांना दोर बांधला की एक चौरस टोकावर उभा राहतो. तीन घरांच्या चौरसात असे तिरके दोन, चार घरांच्यात तीन. सरळ धरून हिशेब असा : १६ गुणिले १, ९ गुणिले २, ४ गुणिले ३, १ गुणिले ४. बेरीज ५०. पुढच्या वर्षी मोठी माटोळी केलीत तर बाजूच्या सांध्यांचा वर्ग घे, त्याला त्याहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुण आणि १२ ने भाग. पाचाला २५ गुणिले २४ भागिले १२.

या पन्नासांचं क्षेत्रफळ मांडून बघ. १, २, ४, ५, ८, ९, १०, १६. तीन घरांचा चौरस नाही, सहाचा नाही, साताचा नाही. माटोळी मांडवाएवढी केलीस तरी या तिघांचा येणार नाही. चौरसाचं क्षेत्रफळ म्हणजे दोन वर्गांची बेरीज, आणि तीन ही तशी बेरीज होत नाही. कुठल्या मूळ संख्या होतात, ते फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० च्या नाताळच्या दिवशी आपल्या मर्सेन या विद्वान मित्राला पत्राने कळवलं : चाराने भागून बाकी एक उरते त्या. ५, १३, १७, २९ होतात. ३, ७, ११, १९ होत नाहीत. २ आपली होते, तिची बातच वेगळी.

पैज हरलीस, तर दादाला ही परतफेड कर. त्याला म्हण, पाच नारळ कुठल्याही पाच सांध्यांना टांग, तुला हवे तसे. त्यांतले दोन तरी मी असे दाखवीन की त्यांच्या बरोब्बर मध्यावर सांधा असेल. तो टांगेल, केवणीचे (झाडाच्या सालीचे) दोर सोडून पुन्हा टांगेल, आणि दर वेळी हरेल. युक्ती अशी, की सांध्याचा आडवा क्रमांक सम किंवा विषम, उभाही सम किंवा विषम. म्हणजे चारच जाती. नारळ पाच. दोन नारळ एका जातीचे निघणारच, आणि एका जातीच्या दोघांची बेरीज दोन्हीकडे सम, म्हणून मध्य सांध्यावर. चार नारळांनी मात्र तो तुला फसवू शकेल, एकाच घराच्या चार कोपऱ्यांना टांगून. तेव्हा पाच म्हणायला विसरू नकोस. आमच्याकडे मी हे नारळांऐवजी आंबाड्यांवर करून दाखवतो, डोक्यावर पडलं तरी चालतं.

प्रश्न : कुळागराच्या कोपऱ्यात उभं राहिलं की काही पोफळी दुसऱ्यांच्या मागे दडतात. किती दडतात याला काही हिशेब? (एक बागायतदार, प्रियोळ)

आहे. पोफळी साधारण नऊ-नऊ फुटांवर ओळीत लावता ना? दहा बाय दहाच्या शंभर झाडांपुढे, कोपऱ्यातल्या झाडापासून एक ओळ मागे आणि एक ओळ बाजूला उभे राहा. तुमच्यापासून चौथ्या ओळीतली सहावी पोफळ दिसत नाही, कारण दुसऱ्या ओळीतली तिसरी आड येते. पुन्हा मसावि : दोन्ही आकड्यांचा मसावि १ तर झाड दिसतं, नाहीतर दडतं. कर्णावरच्या दहांतली पहिलीच दिसते. शंभरांत ६३ दिसतात, ३७ दडतात. बाग वाढवत नेली तर दिसणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ६०.८ च्या जवळ जातं. नेमकं म्हणायचं तर ६ भागिले पायचा (π चा) वर्ग. पोफळीच्या रांगेत पाय कुठून आला, ते सांगायला ऑयलर या गणितज्ञाची एक अनंत बेरीज मांडावी लागेल, ती पुढं कधीतरी. हे सगळं अर्थात पोफळ रेघेसारखी बारीक धरून. खऱ्या बुंध्याला जाडी असते, आणि तुमच्या बागेत मिरवेल चढवलेली मी पाहिली आहे. तिथं साठ कसली, वीससुद्धा धड दिसणार नाहीत.

प्रश्न : ठिपके मोजून क्षेत्रफळ निघतं, तर तसंच घनफळ का काढू नये? (एक शिक्षक, काणकोण)

नाही निघत. रीव्ह नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १९५७ मध्ये ते स्वच्छ दाखवलं. आमच्या जुन्या घरात आठ इंची फरशा आहेत, तिथंच करून पाहिलं. एका फरशीचे तीन कोपरे घेतले. चौथ्या कोपऱ्याच्या बरोब्बर वर, पंधरा फरशा उंचीवर, म्हणजे दहा फुटांवर छताला खिळा मारला. चारही बिंदू दोऱ्याने एकमेकांना जोडले, तर एक उंच, कलता सुळका झाला. त्या सुळक्यात आत किंवा कडेवर फरशीएवढ्या ठोकळ्यांचा एकही कोपरा येत नाही, चार टोकं सोडून. खिळा एका फरशीच्या उंचीवर मारला असता तरी ठिपके चारच, आणि घनफळ ठोकळ्याचा सहावा भाग. पंधराव्यावर मारला तर ठिपके तेच चार, आणि घनफळ अडीच ठोकळे. मोजायला काही फरकच नाही, मग सूत्र कशाचं करणार?

वाट मुळीच नाही असंही नाही. एउजेन एरहार्ट या फ्रान्समधल्या शाळामास्तराने १९६० च्या दशकात दाखवलं, की आकृती एकदाच मोजू नका. ती दुप्पट करा, तिप्पट करा, प्रत्येक वेळी ठिपके मोजा, आणि ते आकडे कसे वाढत जातात त्यावरून घनफळ सांगता येतं. माझा सुळका दुप्पट करायचा तर वरच्या माळ्याची कौलं काढावी लागतील. सध्या दोरा तसाच आहे, आणि येता-जाता सगळे त्यात अडकतात.